मोटर चालू होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. देवाला ठाऊक असेल तर असो, त्याच्याशी माझं बोलणं बंद आहे. तुम्हाला सांगतेय, पण आधीच ऐकून ठेवा — ‘बिचारी’ म्हणायचं असेल तर इथंच थांबा. बिचारी मी नाही.

आमचे हे गुलमंडीत साड्यांच्या दुकानात होते. गिऱ्हाईक पन्नास साड्या उलगडायला लावून उठून गेलं तरी कपाळाला आठी नाही. एक दिवस त्यांना साडीची घडीच घालता येईना. डावा हात ऐकेना. मग डोकेदुखी, उलट्या, तपासण्या — मेंदूत गाठ, तीही झपाट्यानं वाढणारी. ऑपरेशन झालं, रेडिएशन सुरू झालं. आठवड्यातले पाच दिवस मी त्यांना रिक्षात घालून न्यायचे, आणायचे. भरवायचे, धुवायचे. त्यात कुणी खोट काढून दाखवावी!

सगळे म्हणायचे, मंदानं केलं तेवढं सावित्रीनंही केलं नसतं. मी ऐकून घ्यायचे. काय करणार होते?

ती दुष्काळाची वर्षं. जायकवाडी तळाला गेलेलं, आणि पुंडलिकनगरात आमच्या दोन्ही बाजूंना नव्या बिल्डिंगा उठलेल्या. त्यांच्या बोअर खोल गेल्या, आमची आटली. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं, तेही करंगळीएवढी धार. म्हणून गल्लीत झाडून सगळे नळाला मोटर लावायचे. चोरूनच, पण सगळेच चोर म्हटल्यावर बोलणार कोण? पाणी सुटलं की चुलीवरचं सोडून पळायचं. घरात आजारी माणूस, रोज दोनदा चादरी धुवायच्या — पाणी म्हणजे काय, ते मला विचारा.

त्या दिवशी सकाळी मी यांना उपमा भरवत होते. यांनी घास माझ्या तोंडावर थुंकला आणि म्हणाले, “वांझोटी. माझ्या मरणावर टपलीय.”

बावीस वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नव्हता. मूल नाही म्हणून लोक बोलायचे तेव्हा हेच मधे पडायचे. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, ते बोलत नाहीत, गाठ बोलते. असेल. पण गाठीला बरं नेमकं कळलं कुठं मारायचं ते? आजाऱ्याचं बोलणं मनावर घेऊ नये म्हणतात. मी घेतलं.

तेवढ्यात पाणी सुटलं. सासूबाईंना म्हटलं, “आई, यांच्याजवळ बसा.” त्या खाटेपाशी माळ घेऊन बसल्या. ऐंशीच्या घरातल्या. डुलकी लागली असणार. मी पोर्चमधे मोटर लावली, ड्रम भरले, बादल्या भरल्या, पातेलीसुद्धा भरली.

आणि मग — सांगते, घाई नका करू — मोटर बंद केली. पाइप गुंडाळून ठेवला. सगळं भरून झालं होतं. मी एक रिकामी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले.

आतून हाक आली. “मंदा.” खिडकी उघडी होती, चार हातांवर. परत “मंदा, अगं, लघवीला.” हा गाठीचा आवाज नव्हता. माझ्या नवऱ्याचा होता, अगदी पहिल्यासारखा. मी ऐकला. म्हटलं, हाक मार. वांझोटीला हाक मार आता.

तिसऱ्या हाकेनंतर धप्प आवाज आला.

खुबा मोडला. रेडिएशन अर्धवट राहिलं. दोन महिन्यांत ते गेले. डॉक्टर म्हणाले, तसेही फार दिवस नव्हते. त्या वाक्याच्या मागं मी लपणार नाही. जे दिवस होते ते त्यांचे होते.

पण त्या बादलीवर बसल्याची मला लाज वाटते का? थोडी. खोटं कशाला बोलू? मीही माणूस होते, चादरी धुणारं मशीन नव्हते. उद्या तीच सकाळ आली तर मी पुन्हा बसणार नाही, असं छातीठोकपणे सांगवत नाही.

माझा गुन्हा त्याच्या पुढचा आहे. शेजारपाजारचे धावत आले, यांना उचललं. कुणीतरी विचारलं, हाक नाही मारली का त्यांनी? मी म्हणाले, “मोटर चालू होती. मला काय ऐकू येणार?” एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी सासूबाईंकडं वळले. “आई, तुम्ही होतात ना आत?”

सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांच्या हातातली माळ खाली पडली होती, ती त्यांनी उचललीसुद्धा नाही.

त्यानंतर त्या पाच वर्षं जगल्या. दुपारी पाठ टेकायच्या नाहीत, भिंतीला टेकून डोळे ताणून बसायच्या. नातेवाईक आले की स्वतःच सांगायच्या, मी झोपले म्हणून लेक पडला. समोर चहाचा कप ठेवताना मला रोज वाटायचं, आज सांगावं. एका वाक्याचं तर काम. रोज कप ठेवून मी आत जायचे.

शेवटच्या दुपारी त्यांनी माझा हात धरला. आवाज पार गेला होता, कान ओठांशी न्यावा लागला.

“मंदे, मला डोळा लागला गं. मला माफ कर.”

खोलीत आम्ही दोघीच होतो.

मी म्हणाले, “केलं, आई.”