कुठल्या चौकोनातलं हाड

मी वाईट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. उगाच पुढे कुणी मला समजून घ्यायच्या भानगडीत पडायला नको.

आमच्या प्रयोगशाळेत परदेशातल्या एका गुहेतली हाडं तपासायला आली होती. निअँडरथल माणसांनी फोडून खाल्लेल्या हरणांची, घोड्यांची. तुकडे नखाएवढे, वर नंबर घालायलाही जागा नाही. म्हणून खोदकामातल्या एकेका चौकोनातले तुकडे एकेका पिशवीत, आत चिठ्ठी. जळके तुकडे जिथे दाटीने सापडले तिथे चूल. जिथे काहीच नाही, तिथे बहुधा झोपत असावेत. म्हणजे हाड कुठे पडलं होतं, त्यालाच सगळी किंमत. त्यामुळे एक पिशवी उघडून, धुऊन, वाळवून परत भरल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही.

काम आम्हा दोघींकडे होतं. मी पेठेतली, ती यवतमाळकडची, वारज्यात खोली घेऊन राहणारी. पुढच्या खोदकामाला सर एकीलाच नेणार होते. ती एवढासा तुकडा बोटांत फिरवून "घोडा, मागचा पाय" म्हणायची आणि ते बरोबर असायचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू? धुण्याच्या कामावर ती नुकतीच आली होती. नियम तिला मी सांगायचा होता. मी सांगितला नाही.

त्या दुपारी चहा घेऊन आत आले, तर बाईसाहेबांनी एका थरातल्या सगळ्या पिशव्या एकदम धुतलेल्या. वर्तमानपत्रावर हरणं वेगळी, घोडे वेगळे. निम्म्या पिशव्यांतले तुकडे मात्र अजून आपापल्या ट्रेमध्ये, चिठ्ठीसकट वेगळे होते. "थांब" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

"ताई, प्राणी वेगळे केले की सरांना सोपं जाईल ना?"

"वा! छान लावतेस गं," म्हणून मी खुर्ची ओढून बसले. माझा चहा संपेपर्यंत तिने उरलेले ट्रेही एकत्र केले.

सर आले. टेबलाकडे बघत राहिले. "अरे वा, रुखवत मांडलंय! अख्ख्या गुहेची भेळ केलीत. आता यावरून एवढंच कळेल, की ते लोक जेवत होते. आपण गावी जा बाई, तांदूळ निवडा." ती रडायला लागली तरी ते थांबले नाहीत. मग माझ्याकडे वळले. "हिला नियम सांगितला होतास? आणि हे चालू असताना तू कुठे होतीस?"

मी रिकामा कप टेबलाखाली सरकवला. तेवढ्यात तीच म्हणाली, "ताईंनी सांगितला होता, सर. मीच विसरले. त्या तर आत्ता आल्या."

जिन्यात मी तिला गाठलं. डोळे पुसत तीच माझी समजूत घालायला लागली. "सांगायचं राहून गेलं असेल, ताई. मनाला लावून घेऊ नका. दोघींचं कशाला बुडवायचं? एकीचं तरी होऊ दे."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला, "हो गं" म्हणाले. मला इतकं हायसं वाटलं, की त्या रात्री मी दोनदा वाढून घेऊन पोटभर जेवले.