नीळवाले मामा

प्लंबरमामा घरात आले की आधी पंखे बंद. मग टीव्ही, मग मिक्सर, मग आम्ही. "सुम्ने बसा स्वल्प," असं आमच्या म्हैसुरी मराठीत बजावून ते संडासाच्या दाराशी स्टूल टाकत आणि डोळे मिटून ऐकत राहत. आवाज कळल्याशिवाय पिशवीतला पाना बाहेर यायचा नाही. अग्रहाराच्या गल्लीत त्यांची थट्टा व्हायची. मीही केली आहे.

पण त्यांना आवाज कळायचे हो, खरंच कळायचे! नळ बंद करताना भिंतीत ठण्ण झालं तर पाइप सैल. टाकी भरताना शिट्टी वाजली तर वायसर झिजला. शेजाऱ्यांचा कमोड गुडगुडायचा. त्यांनी बाटल्याच्या बाटल्या ॲसिड ओतलं, फरशी फोडायला माणूसही ठरवला. मामांनी ती गुडगुड दोनदा ऐकली, थेट गच्चीवर गेले आणि हवेच्या पाइपातून बॅडमिंटनचं फूल काढून आणलं. मी तर तिथेच हात जोडले.

त्याच सुमारास माझे अप्पा म्हणू लागले, घरात कुणी नसताना संडासात पाणी वाजतं. आम्ही नवराबायको दिवसभर ऑफिसात. एका रविवारी मी मुद्दाम कान लावून बसले, तर काही नाही. अप्पांचं वय ऐंशीच्या पुढे. "असेल काही तरी," म्हणत मी गुपचूप मानसोपचार डॉक्टरांची वेळ घेतली. त्यांना ते कळलं असावं. जेवताना एकदम म्हणाले, "डोकं फिरलंय माझं असं वाटत असेल तर सांगून टाक, बाई." "छे हो," म्हणत मी त्यांना आणखी भात वाढला. तरी वेळ काही मी रद्द केली नाही.

दोन दिवसांनी मामा स्वयंपाकघरातला नळ बदलायला आले, तेव्हा अप्पांनी चाचरत त्यांनाही सांगितलं. मामा हसले नाहीत. कधी वाजतं, किती वेळ, त्याआधी कोण जाऊन आलेलं असतं, सगळं विचारून घेतलं. मला ऑफिसला जाऊ दिलं नाही. त्यांचे आजोबा साड्या रंगवायचे. घरची सवय म्हणून की काय, पिशवीत निळीची पुडी कायम असे. चिमूटभर नीळ त्यांनी फ्लशच्या टाकीत टाकली, झाकण लावलं आणि कुणीही संडासाला जायचं नाही असा हुकूम सोडला.

तास गेला, दीड तास गेला. कुणी हात लावला नव्हता, तरी कमोडच्या पांढऱ्या भांड्यात एक निळी रेघ उतरली. थोड्या वेळाने टाकी आपली आपण सूं करून भरू लागली.

टाकीच्या तळाचं रबर गळत होतं. पाणी हळूहळू उतरतं आणि दोनेक तासांनी टाकी पुन्हा भरते. मध्ये कुणी फ्लश केला की सगळं पहिल्यापासून. माणसं घरात असली की म्हणूनच वाजत नाही, मामांनी समजावलं. रात्री वाजत असणार, पण तेव्हा तुम्ही सगळे घोरत असता. "बघा, अप्पांचा कान चोख आहे, नोडम्मा." मी डॉक्टरांकडे फोन करून येत नाही म्हणून कळवलं. त्या दुपारी अप्पांनी मामांना जेवायला ठेवून घेतलं आणि स्वतः उठून वाढलं.

मामा गेल्या वर्षी वारले, एच. डी. कोटे गावी, मुलीच्या घरी. अप्पा हल्ली गल्लीच्या टोकालाही जात नाहीत, पण तेव्हा हट्टाने मला टॅक्सी करायला लावली. मी शेजारीच उभी होते. मामांच्या मुलीला ते म्हणाले, "सगळ्यांनी माझी समजूत घातली, बाई. तुझ्या वडलांनी तेवढं टाकीचं झाकण उघडलं."