तामलवाडीपर्यंतची जागा

दुसऱ्याला जागा करून देणं हे सुसंस्कृतपणाचं पहिलं लक्षण आहे, असं म्हणतात. आमच्या भागात हे लक्षण मोटारीत सगळ्यात जास्त दिसायचं. छप्पन साली आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, मोटारीच्या फेऱ्या वाढल्या, आणि कुणी कुठं बसायचं हे कुणी न शिकवता सगळ्यांना पाठ झालं. बाईमाणूस बाईमाणसाशेजारी. मास्तर, डॉक्टर, पुढारी पुढं. नवराबायकोनं एका बाकावर बसायचं नाही. बसलंच तर नव्या जोडप्यानं, तेही गाडीत गावचं कुणी नाही याची खात्री करून.

आईला आम्ही सोलापूरच्या दवाखान्यातून तुळजापूरला घरी नेत होतो. डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हणून सांगितलं होतं. त्याचा अर्थ तिघांनाही कळला होता आणि कुणीच तो बोलून दाखवला नव्हता. वडील शाळामास्तर. पिशवी घेऊन ते स्टँडवर आमच्यापासून जरा लांब उभे होते, जन्मभर उभे राहिले तसे. मला काहीच वाटत नव्हतं. समोरच्या हातगाडीवरची पेरूची रास तेवढी अजून दिसते.

"मी त्यांच्याजवळ बसते," आई म्हणाली.

"कुणाच्या?"

"तुझ्या वडलांच्या. खांद्याला टेकायला बरं पडेल. तू सांग त्यांना."

मी सांगितलं. वडिलांनी चष्मा काढून पुसला. "बघू," म्हणाले. आणि मोटार लागल्याबरोबर त्यांनी खिडकीतून उपरणं टाकून मागच्या बाकावर दोघांची जागा धरली. मला आश्चर्य वाटायला हवं होतं. दोघं बसले. आई टेकणार, एवढ्यात एक पुढारी गाडीत चढले. सोलापुरात त्यांचा सत्कार झाला होता आणि झेंडूचा हार अजून गळ्यातच होता. बरोबरचे दोन कार्यकर्ते आधीच पुढच्या बाकावर जाऊन बसले होते.

"गुरुजी! तुमी असं मागं? अन् मायला बी कोपऱ्यात बसवलंय व्हय? आरं उठा की रे, आपले गुरुजी हायेत!"

"राहू द्या, इथं बरं आहे," वडील म्हणाले.

आमच्याकडं असं म्हणायची रीत आहे, आणि त्याचा अर्थ 'अजून थोडा आग्रह करा' असा घ्यायचीही रीत आहे. वडील पुन्हा म्हणाले, खरंच बरं आहे. त्यामुळं आग्रह आणखी वाढला. तिसऱ्यांदा नको म्हणणं म्हणजे पुढाऱ्याचा अपमान. वडील उठले.

बायकांच्या बाकावर वाटेतल्या तामलवाडी गावच्या दोघी होत्या. त्यांनीही लगेच सरकून घेतलं. "या की वैनी, हितं बसा. बाप्यामाणसाजवळ कशापायी अवघडून बसायचं?"

आई त्यांच्यात जाऊन बसली. सगळ्यांनी तिच्यासाठी इतकं केलं होतं की तिला काही बोलायला जागाच उरली नव्हती. वडिलांनी धरलेल्या जागेवर मी आणि उठवलेला कार्यकर्ता बसलो. त्यानं शेंगा काढल्या आणि मलाही दिल्या. मी खाल्ल्या.

पुढं पुढारी वडिलांना सांगत होते, ज्या देशात मास्तरला आणि बाईमाणसाला मान आहे तो देश लई पुढं जातो. हारातल्या पाकळ्या वडिलांच्या धोतरावर पडत होत्या. त्या दोघी आईला दुखणं विचारत होत्या आणि आपापल्या ओळखीचे उपाय सांगत होत्या. परक्या बाईच्या खांद्याला कसं टेकायचं? आईनं पुढच्या बाकाची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. प्रत्येक खड्ड्याला तिची बोटं पांढरी होत.

तामलवाडीला पुढाऱ्यांसाठी हलगी वाजत होती. ते उतरले, त्यांची माणसं उतरली, त्या दोघी उतरल्या, गाडी जवळजवळ रिकामी झाली. वडील उठून मागं आले आणि आईच्या बाकाशी उभे राहिले.

"सरक जरा," म्हणाले.

"गुरुजी, ती जागा बायकांची हाये," कंडक्टर म्हणाला.

"माहीत आहे," वडील म्हणाले आणि बसले.

आई खिडकीकडं सरकली. दवाखान्यात वडिलांनी बऱ्याच रात्री बसून काढल्या होत्या. घाट लागायच्या आत त्यांना झोप लागली आणि त्यांचं डोकं तिच्या खांद्यावर आलं. मी उठवायला पुढं झालो, तर तिनं मानेनंच नको म्हटलं. दांडी तिनं एका हातानं धरली होती. दुसऱ्या हातानं ती त्यांचा चष्मा सांभाळत होती.

तुळजापूर आलं तेव्हा ते दचकून जागे झाले. चष्मा लावत त्यांनी विचारलं, "टेकलीस का गं जरा?"

"टेकले की," आई म्हणाली.

तिच्या लुगड्यावर, खांद्यापाशी, त्यांच्या टोपीच्या तेलाचा डाग पडला होता.