झाकलेली लाल ओळ

सोनईच्या रुपालीच्या वाटेला जाऊ नये, हे नगरच्या त्या छोट्या कंपनीत सगळ्यांना ठाऊक. साखर कारखान्याच्या बॉयलरचा पंखा हादरायला लागला की ती सेन्सर आणि लॅपटॉप घेऊन जायची, आणि तोल साधायला पंख्यावर वजन कुठं जोडायचं ते सांगायची. एवढी फटकळ बाई, पण नको तिथं गप्प बसली.

पंखा किती हादरतो आणि कोणत्या अंशावर, हे दोन्ही ती एकाच कॉम्प्लेक्स संख्येत धरायची; तिला दोन भाग, एक वास्तव, एक काल्पनिक. प्रोग्रॅममधला उत्तरं साठवायचा तक्ता, म्हणजे ॲरे, मात्र तिनं घाईत साध्या आकड्यांचा केला. त्यात ओतताना काल्पनिक भाग गळून जायचा. कॉम्प्युटर बिचारा दरवेळी लाल ओळीत सूचना देत बोंबलायचा. मालक रविराज म्हणाला, गिऱ्हाईकासमोर लाल दिसायला नको, बंद कर. तिनं ओळ न वाचताच बंद केली.

मग शेवगावकडच्या कारखान्यात पंख्याचं बेअरिंग फुटलं. रविराजनं खापर फोडलं ते फिटर मच्छिंद्रवर. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, आणि त्याच्या हातात ठेवला छापील माफीनामा: वजन मी चुकीच्या जागी बसवलं. सही कर, उद्यापासून येऊ नकोस. लाज कशी ती नाहीच मेल्या मालकाला!

मच्छिंद्रनं कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. तो रुपालीला म्हणाला, "म्याडम, तुमचा कॉम्प्युटर वजन एकतर पंख्यावरच्या खुणेवर सांगतो, न्हाईतर बरोब्बर समोर. तिरकं कधी सांगितलंय का?"

रुपालीनं लॅपटॉप पुढ्यात ओढला. काल्पनिक भाग गेला की कोन उरतात दोनच, शून्य आणि एकशे ऐंशी. तिनं तिथंच बंद केलेल्या सूचना चालू केल्या. लाल ओळ आली. ॲरे कॉम्प्लेक्स केला, तर कोन आला एकशे सात. कारखान्याला तिनं शून्य सांगितला होता.

रविराज म्हणाला, ती नुसती सूचना होती, चूक नव्हती. रुपाली भडकली, पण मच्छिंद्रनं तिच्यावरही दया दाखवली नाही. "ती ओळ कुनी झाकली?"

"मी."

त्यानं माफीनामा तिच्यापुढं सरकवला. रुपालीनं त्याचं नाव खोडलं, 'वजन मी चुकीच्या जागी सांगितलं' असं लिहिलं आणि सही ठोकली. मग पेन रविराजच्या छातीशी धरलं.

"ओळ बंद करायला तुम्ही सांगितलंत. खाली जागा ठेवलीय, सही करा."

रविराज पेनाला हात लावेना. मच्छिंद्र दाराला पाठ लावून उभा राहिला.