कान देणारा माणूस

माझं दुकान म्हणजे एका जुन्या बैठ्या घराची रस्त्याकडची खोली. अंबरनाथ पूर्वेला, बाजार संपतो तिथे. पुढच्या खोलीत मी आणि मागच्या दोन खोल्यांत घराच्या मालकीणबाई. त्यांना मी मावशी म्हणायची. सकाळी पोळ्या आणि दोन भाज्या, दुपारनंतर कोथिंबीर वडी, अळूवडी, कोरड्या चटण्या, थालीपिठाची भाजणी. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या बायका पिशवी पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "काय असेल ते बांध गं, घरी जाऊन आता काही करवत नाही." नव्वद सालाच्या आसपासची ही गोष्ट.

मी मुळात संशयी. माझं माहेर उल्हासनगरचं. आमच्या शेजारी एक सिंधी काकी घरातूनच पापड विकायच्या आणि लग्नाआधी मी त्यांच्या हाताखाली होते. कोणी पापडाची फार तारीफ करायला लागलं की काकी माझ्या कानात म्हणायच्या, "देखना, ये लेगी नहीं." आणि खरोखर ती बाई काही न घेता निघून जायची. घासाघीस करणारी मात्र हमखास घेऊन जायची. तेव्हापासून गोड बोलणाऱ्या माणसापासून मी चार हात लांब राहायला शिकले. पण न बोलणाऱ्या माणसापासून कसं सावध राहायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

जमिनीच्या व्यवहारांतला एक एजंट पहिल्यांदा आला तेव्हा पावशेर कोथिंबीर वडी घेऊन गेला. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, ओठ झाकून टाकणाऱ्या दाट मिशा. पालेगावकडे शेतं जाऊन प्लॉट पडत होते, तिथले व्यवहार तो जमवायचा, हे मला गिऱ्हाइकांकडून कळलं. मग तो रोजच यायला लागला. दुपारी चारच्या सुमाराला, दुकानात कोणी नसताना. वडी तिथेच स्टुलावर बसून खायचा. "आज खोबरं जास्त घातलंय का वहिनी?" असं काहीतरी विचारायचा आणि मग गप्प बसून ऐकायचा.

त्याच्यासारखं ऐकणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. मध्ये बोलायचा नाही. घड्याळाकडे बघायचा नाही. आपण थांबलो तर मान किंचित कलती करून वाट बघायचा, आणि दोन दिवसांनी, "त्या दिवशी तुम्ही आईच्या पायाचं सांगत होतात, कसा आहे आता?" असं विचारायचा. माझे यजमान मोरिवलीच्या एका कंपनीत मशीनवर होते. दिवसभर त्या खडखडाटात उभं राहून घरी आले की त्यांच्या कानात काही शिरायचं नाही. मी काहीही सांगितलं तरी "हं" म्हणायचे. तेव्हा चारच्या त्या वडीच्या वेळी मी किती आणि काय काय बोलून गेले, ते माझं मलाच कळलं नाही. कंपनी बंद पडणार अशी कुणकुण आहे. दुकानाचा कागद असा काही नाही, मावशींचा शब्द तेवढा आहे. जागा हलवायची मला फार भीती वाटते, कारण गिऱ्हाईक रस्त्यावरून जाता जाता वळतं, शोधत येत नाही. हे सगळं मीच त्याला सांगितलं.

आणि एके दिवशी तो म्हणाला, "वहिनी, हे घर पडणार असं ऐकतोय."

माझ्या हातातला झारा थांबला.

"घाबरू नका. चांगलीच बातमी आहे. मावशी एका बिल्डरशी बोलतायत. नवी बिल्डिंग होईल. मावशींना वर फ्लॅट, तुम्हाला खाली गाळा. तुमचं नाव मीच घातलं मध्ये."

त्याच आठवड्यात बिल्डर स्वतः दुकानात आला. काळा चष्मा, हातात गाडीची किल्ली. आल्या आल्या म्हणाला, "मॅडम, मिस्टरांच्या कंपनीचं काही खरं नाही ना सध्या? अशा टायमाला स्वतःचा गाळा असला की टेन्शन नाही. कागद नसताना पण आम्ही देतोय, बघा."

मी त्या माणसाला जन्मात पहिल्यांदा बघत होते. एजंट बाजूला उभा राहून बरणीतल्या चटणीकडे बघत होता. माझी वाक्यं जशीच्या तशी या परक्या माणसाच्या तोंडून बाहेर पडत होती. कोणीतरी आपल्या घरात शिरून आपलीच साडी नेसून समोर उभं राहावं, तसं मला झालं.

रात्री यजमानांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग काय वाईट आहे? नवा गाळा मिळतोय. हो म्हणून टाक." त्यांना वाईट काही दिसेचना. मला मात्र त्या दिवसापासून सगळीकडे काहीतरी शिजतंय असंच वाटायला लागलं. शेजारचा इस्त्रीवाला एजंटशी हसून बोलला तरी मी कान टवकारायची. आणि सगळ्यात जास्त संशय यायला लागला तो मावशींचा.

मावशी रोज संध्याकाळी दुकानाच्या आतल्या बाजूला येऊन माझ्या समोर बसायच्या आणि कोथिंबीर निवडून द्यायच्या. त्यांचे यजमान गेलेले, मुलगा पुण्याला. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. मी बरणी पुसता पुसता विचारलं, "मावशी, माझ्या दुकानाचं काय ठरलं तुमचं?"

"हो हो, छान झालं," त्या म्हणाल्या आणि काडी मोडून बाजूला टाकली.

"छान काय झालं? मला काही सांगितलं नाहीत तुम्ही."

त्या नुसत्या हसल्या. ते हसणं मला तेव्हा इतकं कावेबाज वाटलं, की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

एजंट मात्र येतच होता. आता मी त्याचं बोलणं कान देऊन ऐकायला लागले. वड्या तळताना तेलाचा आवाज बदलला की बघायलाच लागत नाही, तसं त्याच्या बोलण्यात काहीतरी बदलतंय हे मला जाणवत होतं, पण नेमकं सापडत नव्हतं. मी विचारलं, "गाळा कुठे असेल?" तो म्हणाला, "तळमजल्यावर, अगदी." मी विचारलं, "हाच रस्ता ना?" तो म्हणाला, "याच बिल्डिंगमध्ये वहिनी, तुम्हाला कुठे लांब जायला नको." दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. "नव्या बिल्डिंगमध्ये गाळा मिळतोय, लोक रांगा लावतात," असं उत्तर आलं. नकाशा दाखवा म्हटलं, तर तो अजून पास व्हायचा होता. मग माझ्या लक्षात आलं. इतकं बोलतो हा, पण "रस्त्याकडे" हा शब्द त्याने एकदाही तोंडातून काढला नव्हता. मी सगळ्यात जास्त कशाला भिते ते त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो तेवढंच टाळत होता.

म्हणजे गाळा मागे होता. आणि मावशींना ते माहीत असणार, असं मी धरून चालले.

त्यांना एकदा तोंडावर विचारायचं असं ठरवून मी त्या संध्याकाळी बसले होते, आणि दिवे गेले. आतल्या खोलीत मिट्ट काळोख. मी म्हटलं, "मावशी, काडेपेटी तुमच्या हाताशी आहे, द्या जरा."

मी हात पुढे केला, तो रिकामाच राहिला.

"मावशी, काडेपेटी."

"हो हो," काळोखातून आवाज आला, "छान झालं."

माझ्या अंगावर काटा आला. मी चाचपडत काडेपेटी शोधली, मेणबत्ती लावली. मावशी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, घाबरलेल्या. मी पाठ फिरवून ओट्याकडे तोंड केलं आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "मावशी, तुमच्या पदरावर झुरळ चढलंय." त्या हलल्या नाहीत. मग मी वळले, मेणबत्ती माझ्या तोंडाजवळ धरली आणि तेच वाक्य पुन्हा बोलले. मावशी ताडकन उठून पदर झटकायला लागल्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्या खाली बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "दोनेक वर्षं झाली असतील. आधी डावा गेला, मग उजवाही मंदावला. तोंड दिसलं की कळतं मला. पण कुणाला बोलू नकोस. मुलाला समजलं तर म्हणेल, आता एकटी राहू नकोस, चल पुण्याला. मला नाही जायचं."

"आणि तो एजंट? त्याच्याशी काय बोलणं झालं तुमचं?"

"त्याच्या मिशाच इतक्या आहेत गं," मावशी म्हणाल्या, "की ओठ दिसतच नाहीत. तो बोलायचा, मी हो म्हणायची. माणूस बरा वाटला. बसायचा, माझंही ऐकायचा."

म्हणजे तो ऐकून घेत होता आणि मावशी ऐकल्याचं दाखवत होत्या. त्यातून हे घर पाडायचं ठरत चाललं होतं. मला हसू येत होतं आणि रागही येत होता. दोन दिवस मी ज्या बाईवर दात ओठ खात होते, तिला यातलं एक अक्षर ठाऊक नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बिल्डरच्या ऑफिसात बोलणी होती. यजमानांनी त्यासाठी अर्धी रजा काढली. मी मावशींना घेऊन गेले आणि त्यांना माझं तोंड दिसेल अशी खुर्ची फिरवून बसले. बिल्डर भराभर बोलत होता. मार्बल, गॅलरी, चोवीस तास पाणी. एजंट कोपऱ्यात मान कलती करून बसला होता. बिल्डरचं बोलणं संपलं तेव्हा मी काहीच बोलले नाही. यजमानांनी काही म्हणायला तोंड उघडलं, तर मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पंखा फिरत होता. बिल्डरने किल्ली टेबलावर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. मी त्याच्याकडे नुसतं बघत राहिले. शेवटी त्यालाच राहवेना.

"असं आहे मॅडम, मागच्या साइडला पण गिऱ्हाईक येतंच. तुमची वडी फेमस आहे."

मी मावशींकडे तोंड केलं आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "मावशी, हे म्हणतात, माझं दुकान मागच्या अंगाला जाणार."

"मागे काय आहे?" मावशींनी विचारलं.

"मागे काय असेल?" मी बिल्डरला विचारलं.

"म्हणजे पाण्याची टाकी, पंप... पण प्रॉपर पॅसेज काढून देऊ."

"पाण्याची टाकी आणि पंप, मावशी. आत जायला बोळ. पुढे कोण असेल हो?"

"पुढे एक शोरूमवाले आहेत. त्यांच्याशी बोलणं होऊन गेलंय."

"पुढे दुसऱ्याला देऊन झालंय, मावशी."

"आणि माझी खोली?"

"टॉप फ्लोअर. मस्त हवेशीर," बिल्डर म्हणाला.

"टॉप म्हणजे कितवा?"

"चौथा. लिफ्टचं पुढे बघू."

"चौथा मजला, मावशी. लिफ्ट नाही."

गोड करून सांगितलेली कुठलीही गोष्ट असं मोठ्याने पुन्हा म्हणून दाखवली की तिचा गोडवा शिल्लक राहत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं. ऑफिसातला कारकूनसुद्धा मान वर करून बघायला लागला. एजंट कसनुसा झाला. "वहिनी, इतकं ओरडून कशाला? आपण शांतपणे बोलूया."

मावशींचं गुपित मी फोडणार नव्हते. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग एजंटकडे, आणि त्या स्वतःच म्हणाल्या, "मला ऐकू येत नाही. म्हणून ती ओरडतेय."

मग त्यांनी एजंटकडे बोट केलं.

"तुम्ही माझ्या घरी आलात, चहा प्यालात, काय काय बोललात. मला त्यातलं काही ऐकू आलेलं नाही. मग मी हो कशाला म्हटलं असेन? ते हो धरू नका."

आम्ही उठलो. जिन्यात यजमान म्हणाले, "नवा गाळा गेला बहुतेक." मी म्हटलं, "हो, गेला." ते "हं" म्हणाले, पण घरापर्यंत मावशींचा हात त्यांनीच धरला होता.

गोष्ट पुण्यापर्यंत गेलीच. मुलगा तणतणत आला, बहिरेपण लपवलं म्हणून आईवर रागावला, आणि मावशींनी त्याला दारातच सांगितलं की मला न्यायचं असेल तर उचलून न्यावं लागेल. तो एकटाच परतला. काही वर्षांनी त्यानेच दुसरा बिल्डर शोधला. या वेळी मावशींना पहिला मजला आणि मला रस्त्याकडचा गाळा असं कागदावर आलं, तेव्हाच घर पडलं. मोरिवलीची कंपनी तोवर बंद झाली होती. यजमान दुकानात उभे राहून चकल्या तोलायचे आणि गिऱ्हाइकाने एक सांगितलं की भलतंच बांधायचे.

एजंट मात्र मध्यंतरी फिरकला नाही. नव्या दुकानात एका दुपारी आला, तेव्हा मिशा पिकल्या होत्या. मुलीचा साखरपुडा ठरला होता, वड्या आणि पुरणपोळ्यांची ऑर्डर द्यायची होती. स्टुलाकडे त्याने बघितलं, पण बसला नाही.

"वहिनी, एक सांगू? धंदा धंद्याच्या जागी. पण तुमचं बोलणं ऐकायला मला खरंच बरं वाटायचं. आमच्या घरी कोणी इतकं मनापासून बोलत नाही."

त्याने मान किंचित कलती केली आणि थांबला. खरं बोलत असेलही. आपलं ऐकणारं कोणी भेटलं की किती बरं वाटतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? क्षणभर वाटलं, सांगावं याला, यजमानांच्या कंपनीचं काय झालं, आईचं काय झालं.

"माणसं किती येणार?" मी विचारलं.