डाळिंबाच्या बागेत पुरलेली गाठ

बारामतीच्या स्टँडवर मुंबईची एस.टी. लागली, तेव्हा आक्का माझ्या पिशवीत शेंगदाण्याच्या चटणीचा चौथा डबा कोंबत होती. "तितं काय उपाशी मरायचं हाय का?" असं वर मलाच दटावत होती. आबा, आमचे वडील, माळेगावला साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. हळवं होणं त्यांच्या ड्यूटीत बसत नसे. "पोचल्यावर कळव," एवढंच म्हणाले. आक्काचे मालक, म्हणजे माझे दाजी, बस हलली तरी खिडकी धरून चालत राहिले. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मी पीएच.डी.साठी इंग्लंडला निघाले होते.

तिकडे माझ्या वाट्याला स्तनाच्या कर्करोगाचं काम आलं. पेशीच्या बाहेरच्या अंगाला काही प्रथिनं असतात. त्यांतलं एखादं फार वाढलं असेल, तर त्या बाईचा आजार पुढे कसा वागेल, पुन्हा उलटेल का, हे आधी ओळखता येतं का, ते आम्ही शोधत होतो. मेणात बसवलेल्या गाठींचे पातळ काप काचपट्टीवर घ्यायचे आणि त्यांना रंग द्यायचा. प्रथिन असलं की पेशींच्या कडा तपकिरी व्हायच्या. पट्टीवर बाईचं नाव नसायचं, नुसता नंबर. ते काम मला मनापासून आवडायचं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

दोन वर्षांनी दाजींचं पत्र आलं. आक्काच्या छातीत गाठ झाली होती, इंदापूरच्या डॉक्टरांनी काढली, आता बरी आहे, काळजी नसावी. पत्र पंधरा दिवसांपूर्वीचं होतं. मी आक्काच्या सासरी, लोणी देवकरच्या एसटीडी बूथवर निरोप ठेवला. दुसऱ्या दिवशी दाजी तिथे येऊन बसले.

"दाजी, गाठ तपासायला दिली ना?"

"डॉक्टरांनी बरणीत घालून दिली व्हती. पुण्याला न्या म्हनले. पन माजी आय म्हनली, लेकराची नाळ पुरतो, तसं हे बी अंगाचंच हाय. परक्याच्या हातात कशाला द्यायचं? मग बागंत पुरली, डाळिंबाखाली. कुत्र्यानं उकरू न्हाय म्हणून वर दगड ठेवलाय."

मी फोनवर नाही नाही ते बोलले. दाजींनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "आमाला काय ठावं, नंदा?"

खरंच, त्यांना कसं ठाऊक असणार? असल्या आजाराचं नाव घरी कशाला काढा, म्हणून मी पत्रात नुसतं 'संशोधन' लिहायचे आणि थंडीच्या गप्पा मारायचे. माझ्यासारख्या बाहेर गेलेल्यांनो, आपण काय काम करतो ते घरी नीट सांगा. मी पुन्हा दाखवायला सांगितलं, तर आक्काचं उत्तर आलं, "गाठ गेली न्हवं? मग आता काय दाखवायचं?"

वर्षभराने तिच्या काखेत गाठी आल्या. मग पुणं झालं, मोठं हॉस्पिटल झालं, पण उशीर झाला होता. त्या दिवसांत मी अनोळखी बायकांच्या पेशी मोजत होते. रजा, तिकीट करत घरी पोचले, तोवर आक्का गेली होती आणि तिचा जलदानविधीही उरकला होता.

दाजी मला बागेत घेऊन गेले. "खरं सांग," म्हणाले, "ती बरणी पुण्याला नेली असती तर वाचली असती का?"

मला माहीत नव्हतं. माझ्या तपासणीने फार तर आजार किती खुनशी आहे ते कळलं असतं. त्यावरचं औषध तेव्हा आमच्याकडेही नव्हतं. पण नुसता कर्करोग आहे एवढं कळलं असतं, तरी उपचार वर्षभर आधी सुरू झाले असते. हे सगळं ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, "न्हाय, दाजी."

आता मी इंग्लंडचीच झाले. आबाही गेले. तरी दर वर्षी लोणीला जाते. दाजी चहा करतात, पीकपाण्याचं बोलतात, आणि मी निघायच्या आधी कधीतरी तेच विचारतात. कितीही दमले, तरी मला जावंच लागतं. मी गेले नाही, तर त्यांना 'न्हाय' कोण म्हणणार?