तळ्याची खपरी

भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता, तेव्हा तिथल्या कॅम्पातल्या पोस्टात माझ्या शेजारी नागपूरकडचा एक बाबू बसायचा. आसपास खपरी नावाची चार गावं होती. पाकिटावर नुसतं खपरी दिसलं, की तो खिडकीतूनच विचारायचा, "कोणती भाऊ, वडाची का तळ्याची?" आणि पेन्सिलीनं तसं लिहायचा.

तळ्याची खपरी कारखान्याच्या जागेत गेली, तळंही बुजलं. त्यानंतर तिथल्या एका म्हाताऱ्याला लेकीचं पत्र आलं. मी म्हणालो, "परत पाठव. गाव कुठं आहे आता?"

"गाव गेलं, माणूस तं हाये," म्हणत त्यानं सायकल काढली. म्हातारा भट्टीच्या बांधकामावर विटा वाहायचा. बाबूनं त्याला पत्र वाचून दाखवलं, उत्तरही लिहून आणलं.

त्या उत्तराच्या पाकिटावर शिक्का मारताना मी पाहिलं. पाठवणाऱ्याचा पत्ता खपरीच होता, आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, तळ्याची.